प्रकरण पाठवण्याआधी: अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांसाठी पुस्तक-लेखनाची वाट, पायरीपायरीने

आयक्यूएसीचा (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) मेल बहुधा शनिवारी दुपारी येतो. गेल्या पाच वर्षांतली पुस्तकं, संपादित पुस्तकांतली प्रकरणं, प्रोसिडिंगमधले (कॉन्फरन्सच्या पेपरसंग्रहातले) पेपर, सगळं सोमवारी दहापर्यंत भरा, सोबत पुरावे जोडा. मग स्टाफरूममध्ये शोधाशोध सुरू होते. कुणाकडे मुखपृष्ठ आहे पण अनुक्रमणिका नाही. कुणाकडे चकचकीत प्रमाणपत्र आहे, पण पुस्तक कुणी पाहिलेलंच नाही. आमच्या कॉम्प्युटर विभागाची ही फाइल बरीच वर्षं माझ्याच टेबलावर जमा होते, त्यामुळे कोणती प्रकरणं टिकतात आणि कोणती परत येतात हे बसल्या जागी समजत गेलं.

एक गोष्ट मला पटलेली आहे: पेपरापेक्षा प्रकरण हे शिक्षकाच्या जास्त हातातलं लेखन आहे. पेपरात तुमचं नवं काय ते सांगायचं असतं. प्रकरणात एखादी गोष्ट वाचणाऱ्याला नीट कळेल अशी मांडायची असते, आणि तेच तर आपण रोज फळ्यापाशी उभं राहून करतो. तरी आपल्याकडची बरीच प्रकरणं वाचवत नाहीत, कारण ती नाकारलेल्या पेपराची डागडुजी करून पाठवलेली असतात.

पायरी १: आपण नक्की काय लिहितोय ते ठरवा

'बुक पब्लिकेशन' या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. विद्यापीठाच्या सिलॅबसबरहुकूम लिहिलेलं पाठ्यपुस्तक, एकाच विषयावरचा संशोधनग्रंथ, दुसऱ्यांनी संपादित केलेल्या पुस्तकातलं प्रकरण, कॉन्फरन्सच्या प्रोसिडिंगमधला पेपर आणि स्वतः केलेलं संपादन. सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या आणि चौथ्यात होतो. स्प्रिंगर या मोठ्या प्रकाशकाच्या 'लेक्चर नोट्स'च्या मालिकांत कॉन्फरन्सचे पेपर पुस्तकाच्या रूपातच निघतात, त्यांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) असतो, डीओआयच्या (लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाच्या) शेवटी अंकही असतो, म्हणून लोक बिनधास्त 'बुक चॅप्टर' लिहून मोकळे होतात. पण स्प्रिंगरलिंक या त्यांच्या संकेतस्थळावर त्या पेपराचं पान उघडलंत की शीर्षकाच्या वर 'कॉन्फरन्स पेपर' असं लिहिलेलं दिसतं, आणि खऱ्या संपादित पुस्तकातल्या लेखावर 'चॅप्टर'. छाननी करणारा माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) तक्त्यात दोन्ही एकाच मोजमापाखाली येतात, कॅसच्या (शिक्षकांच्या पदोन्नतीच्या) अर्जात मात्र रकाने वेगळे.

पदोन्नतीच्या गुणांचं म्हणाल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या नियमावलीतला तक्ता असा आहे: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून पुस्तक १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडून १०, संपादित पुस्तकातलं प्रकरण ५, संपादन आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे १० आणि राष्ट्रीयकडे ८. अभियांत्रिकी शाखेत मान्य जर्नलमधल्या पेपराला ८. सहलेखक असतील तर पेपरांसाठीचा हिशेब सांगितलेला आहे (दोघे असतील तर प्रत्येकी ७० टक्के, जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०). तोच प्रकरणांना लावतात का, हे तुमच्या छाननी समितीला अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीतल्या कॉलेजांना २०१९ ची वेगळी नियमावली आहे आणि परिपत्रकं बदलत राहतात. कुणा मित्राच्या जुन्या अर्जावरून आकडे उतरवू नका.

पाच गुणांसाठी सात लेखकांचं एक प्रकरण, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही. असो.

पायरी २: विषय वर्गातून उचला

'शेतीमध्ये डीप लर्निंग: एक आढावा' या छापाची प्रकरणं इतकी झाली आहेत की नावं बदलून एकमेकांत मिसळली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. विषय मोठा आणि सांगण्यासारखं थोडं, अशी त्यांची गत असते.

उलटं करून बघा. शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी एक तरी प्रोजेक्ट पानांवरच्या रोगांचा घेऊन येतात. प्लांटव्हिलेज नावाचा मोफत डेटासेट उतरवतात, तयार मॉडेल त्यावर चालवतात आणि अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के अचूकता घेऊन हसत केबिनमध्ये येतात. या डेटासेटवरचा २०१६ मधला गाजलेला पेपर काढून वाचा. १४ पिकं, २६ रोग, ५४,३०६ फोटो, आणि राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता. पण तेच मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवल्यावर आकडा उतरला ३१.४ टक्क्यांवर. लेखकांनी तो स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवला आहे. आपल्या मुलांच्या ब्लॅकबुकात (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालात) पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही.

या दोन आकड्यांच्या मधली जागा म्हणजे एक अख्खं प्रकरण. डेटासेटमधली पानं झाडावरून तोडून, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. शेतात पानामागे दुसरं पान असतं, माती असते, दुपारचं कडक ऊन असतं, मोबाइल धरणाऱ्याची सावली असते. त्यात एकाच पानाचे तीन फोटो असतील आणि आपण ते सरसकट पिसून वाटले, तर एक ट्रेनिंगमध्ये (मॉडेलला शिकवायच्या फोटोंत) जातो, दुसरा टेस्टमध्ये (तपासायच्या फोटोंत), आणि मॉडेलला परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. म्हणून वाटणी फोटोनुसार न करता झाडानुसार करायची, जमलं तर शेतानुसार. हे एकदा करून दाखवा: तेच मॉडेल, तेच फोटो, वाटणीच्या दोन पद्धती, शेजारी शेजारी दोन तक्ते. नाशिककडच्या द्राक्षबागेत जाऊन दोनशे फोटो स्वतः काढलेत तर तिसरा तक्ता तुमच्या एकट्याचा.

असा विषय शोधायचा एक सोपा मार्ग आहे. व्हायवामध्ये वर्षानुवर्षं मुलं ज्या प्रश्नाला अडतात तो वहीत लिहून ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, एम्बेडेड, कुठलाही विषय घ्या, असे चार-पाच प्रश्न प्रत्येक शिक्षकाकडे असतातच. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात दोन ओळीत उरकलेलं असतं आणि तुम्हाला फळ्यावर अर्धा तास लागतो, तो तुमचा विषय.

पायरी ३: प्रकाशकाची नीट तपासणी करा

इथे घाई नको. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही फसलो आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एक मेल आला. 'डिअर एमिनंट प्रोफेसर' अशी सुरुवात, पाच दिवसांत रिव्ह्यू, पंधरा दिवसांत पुस्तक, प्रत्येक लेखकामागे काही हजार रुपये. पैसे भरले. रिव्ह्यू 'ॲक्सेप्टेड' या एका शब्दात आला. पुस्तकही आलं, आयएसबीएनसकट. कॅसच्या वेळी समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते हातात घेतलं, चाळलं आणि विचारलं, "सर, हे विकत कुठे मिळतं?" मला उत्तर देता आलं नाही. पाच गुण गेले, पैसे आधीच गेले होते.

तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी बघतोच.

पहिली म्हणजे आयएसबीएनचा गैरसमज काढून टाकणं. आयएसबीएन हा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. आपल्याकडे तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, तेही मोफत आणि ऑनलाइन अर्जावर. उद्या तुम्ही स्वतःच्या कवितांना घेतलात तरी मिळेल. त्यामुळे 'विथ आयएसबीएन' अशी जाहिरात करणारा प्रकाशक म्हणजे 'आमच्या गाडीला नंबर प्लेट आहे' असं सांगणारा ड्रायव्हर.

तरी तो क्रमांक वाचता यायला हवा. २००७ पासून तो १३ अंकी आहे. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ असेल तर भारतात घेतलेला, ९८१ असेल तर सिंगापूर, ३ असेल तर जर्मन भाषक देश. 'इंटरनॅशनल पब्लिशर' म्हणवणाऱ्याचा क्रमांक ९७८-९३ ने सुरू होत असेल तर विचारायला जागा आहे. मोठ्या परदेशी प्रकाशकांच्या भारतीय शाखाही असा क्रमांक वापरतात, म्हणून लगेच निकाल देऊ नका, पण विचारा. शेवटचा अंक हा तपासणीचा. उदाहरणार्थ ९७८-०-३०६-४०६१५-७ घ्या. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ९ + २१ + ८ + ० + ३ + ० + ६ + १२ + ० + १८ + १ + १५ = ९३. पुढचा दहाच्या पटीतला आकडा १००, फरक ७. शेवटचा अंकही ७, म्हणजे क्रमांक निदान रचनेने बरोबर. आमच्या फाइलमध्ये ही बेरीज न जुळणारे क्रमांक सापडले आहेत. कुणी टाइप करताना चुकलं होतं, आणि एकदा तर क्रमांक बनवूनच टाकलेला होता.

दुसरी गोष्ट डीओआय. प्रकाशकाने आधी काढलेल्या दोन-तीन पुस्तकांतल्या प्रकरणांचे डीओआय घ्या आणि डीओआय डॉट ऑर्गच्या पुढे चिकटवून उघडा. थेट त्या प्रकरणाच्या पानावर गेला पाहिजे. तिरप्या रेघेच्या आधीचा भाग प्रकाशकाचा असतो: १०.१००७ स्प्रिंगर, १०.१२०१ सीआरसी प्रेस, १०.४०१८ आयजीआय ग्लोबल, १०.११०९ आयट्रिपलई. स्प्रिंगरच्या पुस्तकात तर रेघेनंतर पुस्तकाचा आयएसबीएनच येतो आणि अंडरस्कोरनंतर प्रकरणाचा क्रमांक. म्हणजे शेवटी '_७' असेल तर तुमचं प्रकरण सातवं. कुणी सातव्या प्रकरणासाठी '_१२' लावलेली प्रत आणली तर एकदा अनुक्रमणिका मागा.

तिसरी गोष्ट स्कोपस, म्हणजे संशोधन-साहित्याची नोंद ठेवणारा डेटाबेस. 'हंड्रेड पर्सेंट स्कोपस इंडेक्स्ड' असं कुणीही संपादक पुस्तक निघण्याआधी सांगू शकत नाही. स्कोपस पुस्तकं प्रकाशकाच्या पातळीवर निवडतं, सुटी पुस्तकं सुचवून आत जात नाहीत. त्यांची पुस्तकांची यादी मोफत उतरवता येते. त्यात त्याच प्रकाशकाच्या, त्याच मालिकेतल्या आधीच्या पुस्तकांचे आयएसबीएन शोधा. त्यावरून अंदाज बांधता येतो, हमी नाही. आणि यूजीसी-केअरचा हवाला देणाऱ्याला इतकंच सांगा की ती यादी जर्नलांची होती, आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली.

चौथी पैशांची. रूढ पद्धतीने विकल्या जाणाऱ्या संपादित पुस्तकासाठी नामांकित प्रकाशक प्रकरण-लेखकाकडून पैसे घेत नाहीत. मुक्त प्रवेशाच्या (ओपन ॲक्सेस, वाचकाला मोफत) पुस्तकाला शुल्क असतं, ते त्यांच्या संकेतस्थळावर उघड लिहिलेलं असतं. या दोन्हींच्या मधलं, म्हणजे संपादकाच्या खात्यावर किंवा गुगल पेवर मागितलेलं 'प्रोसेसिंग', ते टाळा. प्रकाशक खरा आणि मधला संपादक पैसे गोळा करणारा, असंही होतं. शंका आली तर प्रकाशकाच्या अधिकृत मेलवर एका ओळीत विचारा: अमुक शीर्षकाच्या पुस्तकाचा करार तुमच्याशी झाला आहे का? उत्तर येतं. दोन-चार दिवस लागतात, पण येतं.

पायरी ४: प्रस्ताव

कॉलमध्ये (प्रकरणं मागवणाऱ्या निवेदनात) बहुतेक वेळा एक-दोन पानी प्रस्ताव मागतात. त्यात 'या प्रकरणात आपण चर्चा करणार आहोत' अशी वाक्यं घालू नका. वाचक कोण, त्याला आधी काय येत असायला हवं, वाचून झाल्यावर त्याला काय करता येईल, आणि तुमच्याकडे स्वतःचं असं काय आहे (डेटा, प्रयोग, वर्गातला अनुभव), एवढं लिहा. सोबत पोटमथळे आणि प्रत्येकाखाली एक वाक्य. पुस्तकातली बाकी प्रकरणं माहीत असतील तर आपलं कुणाशी जुळतं आणि कुठे वेगळं पडतं हेही एका ओळीत सांगा. संपादकाची निम्मी डोकेदुखी एकच प्रस्तावना वीस वेळा वाचण्याची असते. तुम्ही ती कमी केलीत की तो तुम्हाला विसरत नाही.

पायरी ५: लिहिणं

माझी पद्धत साधी आहे. आधी तक्ते आणि आकृत्या तयार करतो, त्या टेबलावर ओळीने मांडतो, मग त्यांच्या मधलं लिहितो. ज्या आकृतीबद्दल दोन परिच्छेदही लिहिता येत नाहीत ती काढून टाकतो. प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांतच वाचकाला एक छोटं, हाताने सोडवता येईल असं उदाहरण द्या. पाच फोटो, दोन वर्ग, तीनच नोंदींचा तक्ता. सूत्र मागाहून. आपण वर्गात असंच करतो, लिहायला बसलो की मात्र का कोण जाणे पहिल्याच पानावर जागतिक लोकसंख्या आणि चौथी औद्योगिक क्रांती आणतो.

आकृत्यांचं जरा खोलात सांगतो, कारण प्रकरणं परत येण्याचं ते मोठं कारण आहे. पॉवरपॉइंटमध्ये ब्लॉक डायग्राम काढायचा, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि वर्डमध्ये डकवायचा, ही आपली सवय. 'लेक्चर नोट्स'च्या साच्यात मजकुराची रुंदी १२.२ सेंटीमीटर असते. फोटोसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, म्हणजे १२.२ ला २.५४ ने भागून ३०० ने गुणलं की पूर्ण रुंदीच्या फोटोला निदान १,४४१ पिक्सेल हवेत. रेषांच्या आकृतीला १,२०० डीपीआय मागतात. तेवढे पिक्सेल स्क्रीनशॉटमधून निघणारच नाहीत. म्हणून रेषांच्या आकृत्या व्हेक्टरमध्येच ठेवा, पीडीएफ किंवा ईपीएस. आकृतीतली अक्षरं छापून आल्यावर मजकुराइतकी नाही तरी त्याच्या जवळपास दिसली पाहिजेत. लॅपटॉपवर दोनशे टक्क्यांनी मोठं करून 'वाचता येतंय की' म्हणण्यात अर्थ नाही. आलेख रंगीत असेल तर एकदा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढून बघा. छापील प्रतीत लाल रेघ आणि हिरवी रेघ एकच होऊन बसते. एका रेघेला चौकोन, दुसरीला त्रिकोण लावलात की प्रश्न मिटला.

साचा पहिल्या दिवशीच उतरवा. लेटेक (मजकूर जुळवणीची प्रणाली) येत असेल तर उत्तम, नसेल तर वर्डचा साचा मिळतोच. फक्त त्यातल्या तयार शैली वापरा, स्वतः ठळक आणि मोठं करत बसू नका. पानांची मर्यादा पाळा. कोड छापायचा तर वीस-पंचवीस ओळींपेक्षा जास्त नको. बाकीचा गिटहबवर ठेवा, आणि कोणत्या आवृत्तीवर चालवला ते लिहा, नाहीतर दोन वर्षांनी तो तुमच्याही मशीनवर चालत नाही.

पायरी ६: परवानग्या

'आकृती इंटरनेटवरून साभार' हे वाक्य म्हणजे परवानगी नव्हे. दुसऱ्याची आकृती जशीच्या तशी घ्यायची असेल तर मूळ प्रकाशकाकडून लेखी परवानगी लागते. मोठ्या प्रकाशकांच्या लेखाच्या पानावरच राइट्सलिंकचं बटण असतं, तिथे अर्ज करता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सची आकृती असेल तर कोणता परवाना आहे ते वाचा. 'बीवाय' असेल तर श्रेय देऊन वापरता येते. त्याला 'एनसी' जोडलेलं असेल तर ती व्यावसायिक वापराला नाही, आणि आपलं पुस्तक तर विकायचं असतं. 'एनडी' असेल तर बदल करून छापता येत नाही. इथे बरेच जण अडकतात. शक्यतो आकृती स्वतः, आपल्या समजेनुसार नव्याने काढा आणि कल्पना कुणाची ते सांगा.

पायरी ७: सिमिलॅरिटी (दुसऱ्या मजकुराशी साम्य)

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत चार पातळ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, कारवाई नाही, १० ते ४० पहिली, ४० ते ६० दुसरी, ६० च्या वर तिसरी. श्रेय देऊन घेतलेली उद्धृतं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित सूत्रं आणि कायदे यांतून वगळलेले आहेत, शिवाय सामान्य ज्ञानातले सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगही. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतलं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर बहुधा असतं. ग्रंथपालांना आधी सांगा आणि तपासण्यापूर्वी सूची वगळायला सांगा. प्रकाशकाची मर्यादा यूजीसीपेक्षा कडक असू शकते, ती त्यांच्या कॉलमध्ये बघा.

टक्केवारी हा मुद्दा अर्धाच आहे. ती खाली आणायला लोक शब्द बदलणारी सॉफ्टवेअरं वापरतात आणि मग भलतंच होऊन बसतं. २०२१ मध्ये गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे शब्दप्रयोग शोधून काढले आणि त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हटलं. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'डीप लर्निंग'चं 'प्रोफाउंड लर्निंग'. रँडम फॉरेस्ट या मशीन लर्निंगमधल्या पद्धतीचंही असंच काहीतरी जंगल होतं. असे शब्दप्रयोग हुडकणारी यंत्रणा आज सर्रास चालते आणि त्यावरून छापलेले लेख मागे घेतले गेले आहेत. मागे घेतलेला लेख अंतर्जालावर कायमचा राहतो, वर शिक्का मारून.

स्वतःचाच जुना मजकूर पुन्हा वापरणं हेही यूजीसीने २०२० मध्ये स्पष्टपणे नाकारलं आहे. आपल्याच पेपरातलं प्रयोगाचं वर्णन घ्यायचं असेल तर संदर्भ देऊन, थोडक्यात घ्या.

एआयचं साधन वापरलं असेल तर प्रकाशकाचा नियम वाचा आणि सांगायचं असेल तिथे सांगा. ते लेखक म्हणून चालत नाही, ही कोप या प्रकाशन-नीतीविषयक समितीची २०२३ पासूनची भूमिका आहे आणि मोठे प्रकाशक ती पाळतात. माझी एक सक्त सूचना संदर्भांपुरती: सूचीतला प्रत्येक डीओआय स्वतः उघडा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ नावाने, वर्षाने, पानांसकट हुबेहूब खरा दिसतो आणि मुळात तसा पेपरच नसतो. चाळीस संदर्भ तपासायला एक दुपार पुरते.

पायरी ८: करार

सही करण्याआधी वाचा, एवढं तरी करा. भारतीय प्रकाशकाशी करार असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ उपयोगी आहे. हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते मानले जातात. कोणत्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारतापुरते. आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, ते संपुष्टात येतात. म्हणूनच छापील करारात या तिन्ही जागा प्रकाशकाच्या बाजूने भरलेल्या असतात. पाठ्यपुस्तक असेल तर रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळकतीवर, हिशेब वर्षातून कितीदा, पुढच्या आवृत्तीला तुम्हालाच विचारणार का, हे तीन प्रश्न फोनवर नको, मेलवर विचारा. आणि सहलेखकांची नावं व क्रम प्रस्तावाच्या वेळीच लेखी ठरवा. सही बहुधा एकच जण सगळ्यांच्या वतीने करतो, आणि नंतर एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव घालायचं राहिलं म्हणून होणारी पंचाईत मी पाहिली आहे.

पायरी ९: प्रूफ आणि नाव

प्रूफ येतं तेव्हा नेमके सबमिशनचे दिवस असतात, आणि उत्तर दोन-तीन दिवसांत हवं असतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान तक्त्यांतले आकडे, सूत्रांतली चिन्हं आणि नाव बघा.

नावाचा घोळ हा खास आपला आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. तसंच फॉर्मवर भरलं की इंग्रजी पद्धत शेवटच्या शब्दाला आडनाव समजते. समजा, कुलकर्णी अनघा श्रीपाद असं भरलं, तर सूचीत बाई 'श्रीपाद, के. ए.' होतात, आणि त्यांच्या वडिलांच्या नावावर प्रकरण जमा होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींची पाच-सहा प्रकाशनं दोन वेगळ्या माणसांच्या नावे पडलेली असतात. उपाय दोन: फॉर्ममध्ये आडनावाच्या चौकटीत आडनावच टाका, आणि १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक) काढून प्रत्येक वेळी द्या. पहिल्या पेपरापासून एकच स्पेलिंग ठेवा. कॉलेजचं नावही विद्यापीठाच्या यादीत आहे तसंच. संस्थेची प्रकाशनं मोजताना पत्ता बघतात, आणि एकाच कॉलेजची चार स्पेलिंगं झाली की मोजणी चार ठिकाणी विखुरते.

पायरी १०: छापून आल्यावर

त्याच दिवशी एक फोल्डर करा. मुखपृष्ठ, आयएसबीएन असलेलं पान, संपादकांची नावं, अनुक्रमणिका, तुमच्या प्रकरणाचं पहिलं पान, डीओआयच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, स्वीकृतीचा मेल आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट. आठ गोष्टी, दहा मिनिटांचं काम. शनिवारच्या मेलला मग घाबरायचं कारण नाही. 'विद्वान' हे इन्फ्लिबनेटचं पोर्टल, गुगल स्कॉलर आणि संगणकशास्त्राचे असाल तर डीबीएलपी ही सूची, इथली नोंद बरोबर झाली का तेही बघा. प्रकरणाची पीडीएफ कुठे ठेवता येते हे करारात असतं. प्रकाशकाची छापील पीडीएफ उचलून थेट रिसर्चगेटवर टाकू नका.

मराठीत लिहायचं असेल तर

हा प्रश्न हल्ली येऊ लागला आहे, कारण २०२१-२२ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकायची सोय झाली, आणि एआयसीटीईने भारतीय भाषांतल्या तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांचं काम हाती घेतलं. यूजीसीच्या तक्त्यात अनुवादालाही गुण आहेत: पूर्ण पुस्तकाला ८, प्रकरणाला किंवा शोधनिबंधाला ३. माझं मत विचाराल तर अनुवादापेक्षा स्वतंत्र लिहा. यंत्राने केलेल्या अनुवादावर हात फिरवायला जितका वेळ जातो तितक्यात नवं लिहून होतं, आणि वाचणाऱ्याला फरक कळतो.

संज्ञांचं काय करायचं? भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर उघडा, पण वर्गात जो शब्द तुम्ही बोलता तोच पानावर ठेवा. 'पॉइंटर' हा पॉइंटरच राहू दे. 'रांग' हा शब्द क्यूसाठी छान बसतो, कारण रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलाला आधी आलेला आधी जातो हे वेगळं सांगावं लागत नाही. स्टॅकला मात्र 'चळत' म्हणायला मी दोन वर्षं वर्गात करून बघितलं. मुलं म्हणाली, "सर, स्टॅकच म्हणा." मग स्टॅकच लिहिलं, आणि स्पष्टीकरणात पंगतीतल्या ताटांची चळत ठेवली.

प्रकाशन स्वतः किंवा कॉलेजच्या नावाने करणार असाल तर आयएसबीएन आधी घ्या, आणि छापून झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रती पाठवायचं विसरू नका. १९५४ च्या डिलिव्हरी ऑफ बुक्स कायद्याने त्या कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना द्याव्या लागतात. आमच्या विभागाच्या लॅब मॅन्युअलच्या प्रती मी मुंबईच्या एका मीटिंगला जाताना बॅगेत घातल्या आणि टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून स्वतः देऊन आलो. पोच मिळाली. ती पोच त्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये नववा कागद म्हणून लावली आहे.